हजेरीचा खेळ

शनिवार, २ फेब्रुवारी २००२. नारायणगाव

पाटी आली. मी रडायचीच बाकी आहे.

हौशीराम पेंटरला कागदावर स्वच्छ लिहून दिलं होतं: 'खेळ-उपचार केंद्र. भेदरलेल्या, अबोल, रुसलेल्या मुलांसाठी.' या गृहस्थानं 'खेळ' हा शब्द लाल रंगात एवढा दणदणीत काढला की पाटीची पाऊण जागा त्यातच संपली. 'उपचार केंद्र' खालच्या कोपऱ्यात, तेही भिंग लावून वाचावं लागेल असं. मुलांचा तर पत्ताच नाही. त्यांच्या जागी चक्क एक ढोलकी!

"खेळ म्हनल्यावर ढोलकी पायजेच की म्याडम. ही आपल्याकडून," म्हणाला. वर तोंड करून.

घरमालकीण फुलाबाई खाली पिठाची गिरणी चालवतात. पट्टा चालू ठेवून बाहेर आल्या, पाटी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "आता गिऱ्हाईक लई येईल तुमास्नी." बाई शुभ बोलल्या.

मी त्यांना आमची पद्धत समजावून सांगितली. मुलाला प्रश्न विचारायचा नाही, बोल म्हणून मागे लागायचं नाही, खेळू द्यायचं, आणि समोरच्याला आपलं आपण उमगू द्यायचं.

"मग तुमी काय करायचं?"

"वाट बघायची."

"त्ये तर लोक येस्टी स्टँडवर बी करत्यात," म्हणाल्या आणि दळण टाकायला गेल्या. बडोद्यात वाढून, पुण्यात दोन वर्षं घासून शिकले ती हे ऐकायला!

शनिवार, १६ फेब्रुवारी

पहिली खरी केस! (त्याआधी आलेली तीन माणसं पाटी बघून परत गेली. एकानं विचारलं, "बाकीच्या बाया कुठं हायेत?" मी म्हटलं, मी एकटीच शिकलेली आहे.)

संस्कृती अमृत वायकर. वय सहा. खोडद. बाप ट्रकवर, आई शेतात, म्हणून आजोबा संपतराव घेऊन आले. दिवाळीत बिबट्यानं यांच्या ओट्यावरून टिप्या नावाचं कुत्रं उचललं. त्या दिवसापासून पोर एक शब्द बोललेली नाही. शाळा सुटली. ऐकू नीट येतं, जेवते, खेळते, फक्त तोंड बंद. भोसरीचा काका भरत यानं पुण्याच्या मुक्या मुलांच्या निवासी शाळेचा फॉर्म आणून भरून ठेवलाय. जूनपर्यंत बोलली नाही तर तिकडे पाठवणार.

"मुकी न्हाई ओ ती," आजोबा म्हणाले. "लई बडबडी व्हती. एवढीशी पोर, तिकडं कुनाच्या कुशीत निजंल?" आणि टोपी काढून त्यांनी उगाच झटकली.

मग त्यांनी प्रसंग सांगितला. बिबट्या आला, यांनी काठी आपटली, तो टिप्याला घेऊन पळाला. काय धीराचा माणूस! पण गोष्ट चालू असताना संस्कृतीनं ओठ घट्ट मिटले, खाली मान घातली आणि तिचे खांदे गदागदा हलायला लागले. दडपलेलं रडू. पुस्तकात आहे तस्सं. मी लगेच लिहून घेतलं.

मंगळवार, ५ मार्च

वाळूच्या पेटीत संस्कृती रमते. माणसं, गाई, घरं सगळं पुरून टाकते. मी ठरवलं, हिला बिबट्या हवा. संचात बिबट्या नाही, वाघ आहे. म्हणून कापडी वाघाच्या बाहुलीला काळ्या शाईनं ठिपके काढले. शाई पसरली. आता तो गोवर आलेल्या मांजरासारखा दिसतो.

तो हातात घालून मी गुरगुरत, गुडघ्यांवर रांगत खोलीभर फिरले. पोरीचे खांदे पुन्हा हलायला लागले. या वेळी डोळ्यांतून पाणीसुद्धा आलं! किती खोल जखम आहे.

आजोबांनी आज पुन्हा प्रसंग सांगितला. काठी नुसती आपटली नव्हती, बिबट्याच्या पाठीतच घातली होती, तिचे दोन तुकडे झाले. मागच्या वेळी विनयानं बोलले नसतील.

शनिवार, २३ मार्च

संस्कृतीनं चित्र काढलं. एक लहानसं घर आणि मागे पाच-सहा प्रचंड मोठी, आभाळाकडे तोंड केलेली रिकामी वाडगी. मला भडभडून आलं. रिकामी वाडगी म्हणजे भूक, मायेची भूक! दोन पानं टिपण लिहिलं. पुण्याला आमच्या बाईंना पाठवायचं म्हणून पाकीटसुद्धा आणलं.

आजोबांना चित्र दाखवलं तर म्हणाले, "ह्ये व्हय? ही दुर्बीन हाय. आमच्या घरामागं लई हायेत. त्यातनं आभाळातलं ऐकत्यात."

खोडदची रेडिओ दुर्बीण! पाकीट उरलं.

जाता जाता कळलं की आजोबांनी बिबट्याचं शेपूटही धरलं होतं.

मंगळवार, ९ एप्रिल

दोन महिने झाले. एक शब्द नाही. ओठ मिटणं आणि खांदे हलणं मात्र प्रत्येक वेळी, विशेषतः आजोबांची गोष्ट सुरू झाली की. आज तर शेपूट धरून विहिरीपर्यंत फरफट झाली. कोणी कोणाला फरफटवलं ते मला नीट कळलं नाही. शेवटी मी कडक शब्दांत सांगितलं, "आजोबा, तुमचं शौर्य मला मान्य आहे, पण ही गोष्ट आता बंद. पोरीला त्रास होतो."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं होतं रागावतील, पण ते नुसते "बरं" म्हणाले. नातीकडे बघितलंही नाही.

काकाचा निरोप आलाय, पाच जूनला न्यायला येतो. मी खोटं कशाला लिहू? मला भीती वाटते. मी रोज वाट बघते, आणि वाट बघण्याच्या नावाखाली काहीच करत नाहीये की काय, असं मनात येतं. मग स्वतःलाच दटावते.

रविवार, १४ एप्रिल

काल पाडवा झाला. आज जुन्नरहून वडापच्या जीपनं परत आले. चौदा माणसं, माझं तोंड एका मावशीच्या टोपलीत. तरी स्टँडजवळ तंबूंची रांग दिसली. प्रत्येक तंबूपुढे फलक, त्यांवर बायकांची नावं ठसठशीत अक्षरांत, आणि पुढे फेटेवाल्या पुरुषांची घासाघीस! खालचं बारीक वाचायच्या आत जीप पुढे गेली.

फुलाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "सुगी हाय त्यांची. गावोगावचं पावणं ठरवाया येत्यात."

लग्नं ठरवायला! तीही अशी भर रस्त्यात! याच्यावर कुणीतरी लेख लिहायला पाहिजे.

मंगळवार, १६ एप्रिल

आजचा दिवस सोन्याचा. आंबेगाव तालुक्यातल्या एका गावाहून गेणभाऊ नावाचे कारभारी आणि आणखी दोघे आले. पाटीकडे बराच वेळ बघून मग वर आले. दुसऱ्या गावातही खेळ-उपचाराची निकड भासायला लागली! सगळं जसंच्या तसं लिहिते.

"खेळ तुमीच करता?"

"मीच."

"संगट मानसं किती?"

"कुणी नाही. मी एकटी."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मग सोंगं कोन काढतं?"

"सगळी मीच काढते. राजा, चोर, म्हातारी. बिबट्या नवीन बसवलाय."

"बिबट्या!" गेणभाऊंचे डोळे चमकले. "त्याचं काय हाय बाई, रातीचं आमचं ठरलंय. पन हजेरीला कोनच न्हाई. सकाळची हजेरी तुमी कराल का?"

इतकी शिस्तप्रिय माणसं मी पहिल्यांदा पाहिली. म्हटलं, "हजेरीशिवाय माझ्याकडे पानसुद्धा हलत नाही. माझं रजिस्टर आहे."

"रजिस्टर बी आनता? ह्ये नवीन काडलंय राव!"

"मुलं किती असतील?"

"पोरं काय, म्हातारी काय, हजेरीला अख्खा गाव बसतो."

पालकांचाही सहभाग! मी लगेच हो म्हटलं. त्यांनी माझ्यापुढे नारळ आणि एक सुपारी ठेवली. "सुपारी घेतली, आता फिरायचं न्हाई हां." मी म्हटलं, मी सुपारी खात नाही हो, पण नारळाची चटणी करीन. तिघंही खो खो हसले. मोकळी माणसं.

सुपारी फुलाबाईंना दिली आणि सगळी हकिकत सांगितली. त्यांनी गिरणी बंद केली, पोत्यावर बसल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. पीठ जात असेल डोळ्यांत. बोलता येईना त्यांना. शेवटी म्हणाल्या, "जा, जा. म्या बी येते बघाया."

रविवार, २८ एप्रिल

क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी नऊला फुलाबाईंबरोबर गेणभाऊंच्या गावी पोचले. गावात जत्रा भरलेली. वेशीवर कागद चिकटवलेला: 'नारायणगावच्या शलाकाबाई बडोदेकर यांचा एकटीचा दणदणीत हजेरीचा खेळ. सोंग: बिबट्या.' आडनाव टिपणीस आहे, ते चुकलं. बाकी आदर पोचला.

आत गेले. मांडव, स्टेज, झालर, माईक. समोर पाचशे माणसं. मुलं वीसेक, तीही झाडावर. बाकी नुसत्या टोप्या आणि मिशा. मी पाऊल ठेवलं आणि शिट्ट्यांनी मांडव दणाणला. मागून कुणीतरी ओरडलं, "होऊ द्या बाई!" दुसरा म्हणाला, "चाळ कुठं हायेत?" मी मुंबईच्या चाळींचा विचार करत होते तेव्हा माझी नजर पायांकडे बघणाऱ्या पहिल्या रांगेवर गेली, आणि मग पडद्यावरच्या अक्षरांवर. लोकनाट्य तमाशा.

स्टँडवरचे तंबू. बायकांची नावं. सुपारी. ढोलकी. सगळं एकदम डोक्यात शिरलं. कप्पाळ माझं! फुलाबाई पहिल्या रांगेत पाय पसरून बसल्या होत्या, शेंगा खात.

पळावं म्हटलं तर गेणभाऊ पायरीवर हात जोडून उभे. मग मला एकदम राग आला, आणि राग आला की मी शाळेतली बाई होते. माईक घेतला आणि म्हटलं, "शांत बसा! आधी हजेरी घेतली जाईल. नाव पुकारलं की हजर म्हणायचं. शिट्टी वाजवणाऱ्याला गैरहजर धरण्यात येईल."

मांडव कोसळतो की काय असा हशा! मला गंमत करायची नव्हती हो. रजिस्टर उघडलं. त्यात माझ्या केंद्रातली अकराच नावं. जे होतं ते वाचायला लागले. पहिल्या नावाला गालमिशांचा एक पैलवान उठून लाजत म्हणाला, "हजर, बाई." दुसऱ्या नावाला चाळीसजण हजर. तिसऱ्याला एक म्हातारे म्हणाले, "त्यो शौचाला गेलाय." लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. मी घाम पुसला आणि पुढचं नाव घेतलं.

"संस्कृती अमृत वायकर."

"हजर, बाई."

बारीक आवाज. डाव्या बाजूनं. संपतरावांची सासुरवाडी याच गावची, ते नातीला मांडीवर घेऊन बसले होते. पोर मांडीवरून उठून, हाताची घडी घालून, शाळेत उभी राहतात तशी उभी होती.

आमच्या सगळ्या नियमांच्या चिंधड्या करत मी स्टेजवरून खाली उडी मारली. "बोललीस! संस्कृती, बोललीस! काय झालं होतं गं? का बोलत नव्हतीस? बोल ना!" एका दमात तीन प्रश्न. पुण्याच्या बाई असत्या तर माझं प्रमाणपत्र काढून घेतलं असतं.

संस्कृतीनं आजोबांकडे पाहिलं आणि आपल्याच तोंडावर हात ठेवला. नुसता ठेवला आणि वाट बघत राहिली. पाचशे माणसं संपतरावांकडे बघायला लागली.

ते उठले. टोपी काढली, पुन्हा घातली. माझ्या हातातला माईक घेतला.

"म्या आजवर सांगत आलो, बिबट्याला काठी मारली, शेपूट धरलं. समदं खोटं," म्हणाले. "त्यो वट्यावर आला तवा म्या हिला घिऊन दान्याच्या कनगीमागं लपलो. भाईर टिप्या वरडत व्हता आन् म्या आतनं कडी लावली. हिच्या तोंडावर हात धरला. म्हनलं, गप, कुनाला काय बोलायचं न्हाई. पोरीनं काय बोलायचं न्हाई म्हंजी कायबी बोलायचं न्हाई असं धरलं. मला कळत व्हतं ओ. रोज वाटायचं, आज हिला मोकळी करतो. पन बोलली आन् ह्येबी बोलली तर? माझी लाज राखाया ही पोर सा म्हयनं मुकी राहिली, आन् म्या राहू दिली." ते नातीपुढे खाली बसले. "सांग बाय आता. समदं सांग. आजोबानं सोडलं तुला."

गेणभाऊंनी तिला उचलून स्टेजवर ठेवलं आणि माईक तिच्या तोंडापुढे धरला. आणि मग पोर जी सुटली!

"आजोबांचं धोतर कनगीत आडाकलं व्हतं. त्यांना वाटलं बिबट्यानंच धरलं. त्ये म्हनले, साहेब, आमी घरात न्हाई!"

असा हशा मी जन्मात ऐकला नाही. झाडावरचं एक पोर खाली पडलं, तेही हसतच. संपतरावसुद्धा हसत होते, डोळ्यांतून धारा, मिशा ओल्या. "खरं हाय, खरं हाय" म्हणत होते.

"मग त्ये रडले," संस्कृती म्हणाली. "लई रडले, टिप्या टिप्या करून. मग म्या त्यांचा हात धरला."

तेव्हा कुणीच हसलं नाही. शेजारच्या पैलवानानं उपरण्यानं नाक पुसलं, एवढंच.

माझा बिबट्या पिशवीतच राहिला.

मंगळवार, ३० एप्रिल

फुलाबाईंशी भांडले. जत्रेत रात्री तमाशा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळचा जो खेळ असतो त्याला हजेरी म्हणतात, हे या बाईला बारा दिवस माहीत होतं! "सांगितलं का नाहीत?" म्हणून कडाडले.

"तुमीच म्हनला व्हता, समोरच्याला आपलं आपन उमगू द्यायचं," त्या म्हणाल्या आणि पुढचं दळण ओतलं.

मी पाय आपटत वर गेले.

सकाळपासून दोन गावांचे कारभारी नारळ-सुपारी घेऊन येऊन गेले. त्यांना 'ती रजिस्टरवाली बाई' हवी आहे.

संस्कृतीला विचारलं (हो, विचारलं!) की खेळताना तिला इतकं रडू का यायचं. ती म्हणाली, "रडू न्हाई ओ बाई, हसू. आजोबा शेपूट म्हनले का. आन् तुमी त्या मांजराला घिऊन रांगायच्या तवा तर पोटात दुखायचं." तिच्या केसच्या वहीत 'दडपलेलं रडू' हे शब्द चौदा वेळा आहेत. मोजले नसते तर बरं झालं असतं.

मंगळवार, ७ मे

भरतकाका भोसरीहून आला. संस्कृतीनं त्याला खुर्चीवर बसवलं आणि निवासी शाळेत रात्री दिवा लावतात का, तिथे बिबट्या येतो का, काका स्वतः तिथे का जात नाही, त्याच्या कानातले केस काकू कापते का, असं पाऊण तास विचारलं. त्यानं फॉर्म आपल्या हातानं फाडला. चार तुकडे केले. तिनं आठ करायला लावले.

मी तोंडात पदर... छे, मी ओढणी कोंबून हसत होते. मग हसता हसता रडायलाच लागले, कारण जूनची केवढी धास्ती मी घेतली होती ते मला आत्ता कळलं.

शनिवार, ११ मे

आज संस्कृतीची वेळ नव्हती. तरी दहा वाजता जिन्यावर पावलं वाजली. पुढे ती, मागे संपतराव, हाताला धरून ओढून आणलेले. बाजारात पोरं आता त्यांना बघून "साहेब, आमी घरात न्हाई!" ओरडतात. ते हसतात म्हणे. पण दिवस मावळायच्या आत दाराला कडी लावतात, आणि ओट्यावर पाऊल ठेवत नाहीत. दिवाळीपासून.

हे सगळं मला आजोबांनी नाही, संस्कृतीनं सांगितलं. उभ्या उभ्या, कंबरेवर हात ठेवून.

"नाव लिवा, बाई. संपत वायकर. वय एकसष्ट. लई भित्यात. वाळूत खेळू द्या त्यांना."

"अगं, हे मुलांसाठी..." मी म्हणायला लागले आणि थांबले. पाटीवर मुलांचं नाव कुठे आहे?

संपतराव दारात चपला काढून उभे. "मला काय व्हतंय? पोरीचा हट्ट," असं पुटपुटत आत आले. पेटीपुढे मांडी घालून बसले. मी त्यांना काही विचारलं नाही. बराच वेळ त्यांनी नुसती वाळू सारखी केली, वाफा सारखा करावा तशी. मग फडताळावरच्या खेळण्यांवरून बोट फिरवत गेले आणि एका लहानशा पांढऱ्या कुत्र्यापाशी बोट थांबलं. उचललं नाही. हात तिथंच राहिला.

संस्कृती बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसली होती. दार लोटलेलं होतं, तिला आतलं काही दिसत नव्हतं.

"घ्या आजोबा," ती बाहेरून ओरडली, "भ्यायचं न्हाई, म्या हितंच हाय!"